हरलेल्या देशाशी तह

१९४२ साली जपानने आपली अंदमान बेटे घेतली. पण १९४५ साली जपान लढाई हरला. त्याची शहरे जळाली. लोकांना पोटभर अन्न मिळेना.

१९५१ साली पुष्कळ देशांनी जपानशी तह केला. त्या तहाप्रमाणे जपानात परकी फौज राहू शकत होती. आपल्या सरकारला ते पटले नाही. म्हणून आपण १९५२ साली वेगळा तह केला.

नुकसानभरपाई मागायचा आपल्याला हक्क होता. पण पडलेल्याच्या घरावर जप्ती नेली, तर तो उठणार कसा? आपण सारी भरपाई सोडून दिली. जपान्यांची इथली मालमत्ताही परत द्यायचे कबूल केले.

पुढे जपान सावरला. १९५८ साली त्याने आपल्याला कर्ज दिले. परदेशाला दिलेले त्याचे असे हे पहिलेच कर्ज. सोडलेला पैसा वाया गेला, असे कोण म्हणेल?