मिसरी म्हणजे दंतमंजन नव्हे



ऊसनोंदीसाठी शहापूर-मुरबाडकडच्या गावांत सकाळीच जावे लागते. ओटीवर घरच्या बाया मिसरी लावीत बसलेल्या दिसतात. माझी आईही लावायची, तेव्हा नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजून कुटलेली तंबाखूच. भाजल्याने तिचे विष जात नाही. दाढ ठणकली की मिसरी दाबून धरतात. जरा बधिर वाटते, पण कीड आत पोखरतच राहते. मग एकदाचे चारदा होते, आणि नाही लावली तर डोके धरते. याला दात घासणे म्हणत नाहीत, ही तलफ झाली! गरोदर बाईने लावली तर मूल कमी वजनाचे होण्याचा धोका असतो. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट-पावडरींवर सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. घरच्या तव्याला कोण अडवणार?

उसात काणीचा चाबूक दिसला की आपण बेट उपटतो, पुढच्या हंगामाची वाट बघत नाही. तोंडाचेही तसेच. महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून गाल, हिरड्या, जिभेखालची जागा पाहावी. पांढरा वा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, किंवा सुपारी-गुटख्याने तोंडात तीन बोटे उभी मावत नसतील, तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात वा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला ते बहुधा दुखतच नाही.

पोरांच्या हाती मात्र मिसरी देऊच नका. रात्री झोपताना वाटाण्याएवढी साधी पेस्ट पुरे.