अवकाशाची वीण

यवतमाळच्या कापसाचे कापड दुरून सलग दिसते. भिंगाखाली धागे सुटे होतात. अवकाशही असेच असेल काय? शिरपूरला १९४९ साली जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची गुरुत्वाची समीकरणे नव्या चलांत मांडली, आणि हा प्रश्न गणिताच्या आवाक्यात आला.

पुंजभौतिकीत राशी ही नुसती संख्या नसते; ती कारक, म्हणजे अवस्थेवर करायची एक क्रिया असते. मोजमापात त्या कारकाची ठरावीक आयगेन मूल्येच मिळतात. हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉनची ऊर्जा उणे १३.६ किंवा उणे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असू शकते, मधली नाही. १९९५ च्या सुमारास क्षेत्रफळाचाही कारक मांडला गेला, तर त्याची मूल्येही सुटी निघाली! सर्वांत लहान तुकडा एवढा बारीक, की एका चौरस सेंटिमीटरमध्ये एकावर सुमारे ६५ शून्ये इतके मावतील.

अष्टेकर, रोव्हेली व स्मोलिन यांनी १९९२ मध्ये विणीचीच उपमा वापरली होती. वर्गात ती देताना आपण थोडे जपू या. कापडाचे धागे अवकाशात असतात. येथे धागे हेच अवकाश. प्रयोगात मात्र ही वीण अजून कुणाला दिसलेली नाही.