अवाढव्य लॉग-फाइली आणि त्यांची व्यवस्था

संगणकावर अखंड चालणारा प्रोग्राम आपल्या प्रत्येक कृतीची नोंद ज्या फाइलीत करीत असतो, तिला लॉग असे म्हणतात. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरी बांधून समुद्रात टाकीत, तो ओंडका म्हणजे मूळचा लॉग. त्या मापनाची वही ती लॉगबुक, आणि तेथून हा शब्द संगणकाच्या परिभाषेत उतरला. ध्वनिमुद्रणांचा साठा सांभाळणाऱ्या विभागास या नोंदवहीकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. ती वाढत जाऊन डिस्क भरली, म्हणजे क्षेत्रकार्यातून आणलेले नवे मुद्रण साठ्यात अपुरेच उतरण्याचा संभव असतो.

अशी फाइल संपादक-प्रोग्रामात उघडण्याचा मोह प्रथम आवरावा. पुष्कळसे संपादक सबंध फाइल स्मृतीत ओढून घेतात. युनिक्स परंपरेतील साधनांची रीत निराळी आहे. 'टेल' केवळ अखेरच्या ओळी दाखविते. 'ग्रेप' एकेक ओळ तपासून हव्या त्या आकृतिबंधाच्या तेवढ्या वेचून देते. हे आकृतिबंध म्हणजे क्लीनी यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमित पदावलीचेच रूप होय. चॉम्स्की यांच्या व्याकरणश्रेणीतील सर्वांत खालच्या पायरीची भाषा येथे रोजच्या उपयोगास येते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावी.

फाइलीचे तुकडे करावयाचे झाल्यास 'स्प्लिट' आहे. मात्र तुकडे ओळींच्या हिशेबाने पाडावेत, बाइटांच्या नव्हे. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. 'क्षि' या एका अक्षरात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी 4 चिन्हे, म्हणजे 12 बाइट असतात. बाइट मोजून केलेला छेद त्यांच्या मध्येच पडला, तर दोन्ही तुकड्यांच्या कडा दुर्वाच्य होतात.

खरी फसगत होते ती फाइल पुसताना. 'आरएम' ही आज्ञा वस्तुतः निर्देशिकेतील नाव तेवढे काढते. प्रोग्रामने फाइल उघडी धरली असेल तोवर मजकूर डिस्कवर तसाच राहतो. नाम गेले, नामी उरला! मग 'डीयू' फाइल मोजीत नाही आणि 'डीएफ' तर डिस्क भरलेलीच दाखविते. कोणत्या प्रोग्रामने ती धरून ठेवली आहे, हे 'एल्‌एस्‌ओएफ' सांगते. म्हणून चालू लॉग पुसू नये. जुना मजकूर नको असल्यास 'ट्रंकेट'ने त्याची लांबी शून्य करावी. प्रोग्राम नेहमी फाइलीच्या शेवटी जोडून लिहिणारा असावा, ही अट आहे. तसा नसेल तर तो जुन्याच स्थानापासून पुढे लिहितो व आरंभी पोकळी राहते.

नित्याच्या व्यवस्थेसाठी 'लॉगरोटेट' पुरेसे आहे. जुन्या फाइलीस नवे नाव देऊन प्रोग्रामला कोरी फाइल उघडावयास लावणे, ही त्याची एक रीत. प्रत काढून मूळ फाइल रिकामी करणे, ही दुसरी. दुसरीत प्रत व रिकामीकरण यांमधल्या क्षणी आलेल्या ओळी नष्ट होऊ शकतात. बिघाडाचा माग काढावयाचा असेल तेथे पहिलीच स्वीकारावी. 'जीझिप'ने दाबून ठेवलेल्या जुन्या फाइलींत 'झेडग्रेप'ने, त्या डिस्कवर उलगडल्यावाचून, शोध घेता येतो.