छपरातला सुरा

मुद्देमालाचं पुडकं उघडताना पाहायला मला आजही आवडतं. सव्वीस वर्षं फौजदारी वकिली करतोय, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. तरी लाखेचं सील फुटल्याचा तो बारीक आवाज आला की हातातलं काम थांबतं. खाकी कागद, त्याच्या आत वर्तमानपत्र, त्याच्या आत गंज चढू लागलेला कोयता. वरच्या लेबलावर गुन्ह्याचा नंबर, तारीख, दोन पंचांच्या सह्या. सरकारी वकील विचारतात, "हाच का तो कोयता?" साक्षीदार म्हणतो, "हो, हाच." सगळं कोर्ट कोयत्याकडे बघतं. मी लेबलाकडे बघतो. कारण हत्यार मुकं असतं. ते कुठून आलं, कुणाच्या हातांतून आलं, हे कागद सांगतो, आणि बचावाचं निम्मं काम तो कागद नीट वाचण्यात असतं.

आधी कलमं उरकतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण लोकांच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत: तीनशे चोवीस, तीनशे सव्वीस, तीनशे सात. धोकादायक हत्याराने साधी दुखापत म्हणजे आता ११८(१), तीन वर्षांपर्यंत कैद. गंभीर दुखापत म्हणजे ११८(२), एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. जिवे मारण्याचा प्रयत्न म्हणजे १०९. तिन्ही अजामीनपात्र, म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, तो न्यायालयाकडे मागावा लागतो. अटकेची धास्ती असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज, अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं पोलिसांवर बंधनकारक. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. या हक्काला सर्वोच्च न्यायालयाने बळ दिलं ते १९७८ सालच्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात.

मला खरं सांगायचंय ते मेमोरँडम पंचनाम्याबद्दल, म्हणजे आरोपीचं सांगणं पंचांसमोर लिहून घेतात त्या कागदाबद्दल. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, असं १८७२च्या पुरावा कायद्याने ठरवलं. पण त्याच कायद्याच्या कलम २७ने एक अपवाद ठेवला. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट उघडकीला आली, तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य धरायचं. नव्या साक्ष अधिनियमात हाच अपवाद कलम २३च्या परंतुकात आहे. म्हणूनच आरोपपत्रामागून आरोपपत्रात तेच वाक्य भेटतं: 'गुन्ह्यात वापरलेला कोयता मी बांधाच्या कडेला लपवून ठेवला आहे, माझ्यासोबत चला, काढून देतो.' मग गाडी, दोन पंच, बांध, कोयता, सील.

या वाक्याची सर्वांत देखणी चिरफाड झाली ती लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात, पुलुकुरी कोट्टय्या या अपिलात. मद्रास इलाख्यातलं खुनाचं प्रकरण, निकाल डिसेंबर १९४६चा. तो लिहिणारे सर जॉन ब्यूमाँट त्याआधी १९३० ते १९४३ आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. इथलं फौजदारी काम इतकी वर्षं जवळून पाहिलेला माणूसच असं नेमकं लिहू शकतो, असं मला कायम वाटत आलंय. त्यांनी उदाहरण घेतलं छपरात दडवलेल्या सुऱ्याचं. आरोपी म्हणाला, घराच्या छपरातला सुरा काढून देतो. शोध कशाचा लागला? सुरा नावाच्या वस्तूचा नव्हे, ती तर जगाला केव्हाची ठाऊक आहे. शोध एवढाच लागला, की त्या छपरात सुरा दडवलेला होता आणि हे या माणसाला माहीत होतं. 'त्याच सुऱ्याने मी अमक्याला भोसकलं' असं तो पुढे म्हणाला असेल, तर ते शब्द वगळायचे, कारण भोसकल्याचा शोध छपरात लागत नाही. तो सुरा गुन्ह्यात वापरला गेला, हे सरकार पक्षाने वेगळ्या पुराव्याने सिद्ध करायचं. हा निकाल मी किती वेळा वाचला असेन त्याची गणती नाही. दर वेळी तितकाच आनंद होतो.

१९६१ साली मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी सांगितलं, की जबरदस्ती झाली नसेल तर कलम २७मुळे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा घटनात्मक हक्क मोडत नाही. आणि २०२२ साली रामानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्रमच घालून दिला: आधी पंच बोलवा, त्यांच्यासमोर आरोपीचे शब्द जसेच्या तसे लिहा, मग जागेवर निघा. उलटतपासणीत मी याच क्रमाने पंचाला चालवत नेतो. पोलीस ठाण्यात किती वाजता पोचलात? आरोपी काय बोलला? गाडीत कोण कुठे बसलं होतं? सील कुठे लावलं?

एक आडवळण घेतो. एका प्रकरणात साक्षीदाराने मुठीवरून कोयता ओळखला होता. मी मुद्दाम आठवडी बाजारात लोहाराकडे गेलो. त्याने सात कोयते माझ्यापुढे टाकले. सगळ्यांच्या मुठी बाभळीच्या, पाती ट्रकच्या कमानपाट्याची. "यातला तुमचा कोणता, हे मी कसं सांगू वकीलसाहेब? हंगामाला शंभरेक करतो." पुढच्या तारखेला मी साक्षीदाराला एवढंच विचारलं, या कोयत्यावर अशी कोणती खूण आहे जी दुसऱ्यावर नसते? त्याला सांगता आलं नाही.

जखमही वाचावी लागते. कापलेल्या जखमेच्या कडा स्वच्छ असतात, फाटलेल्या जखमेच्या ठेचलेल्या. फिर्यादीत कुऱ्हाडीची धार असेल आणि डॉक्टरांच्या दाखल्यात ठेचलेल्या कडा, तर घाव तुंब्याने, म्हणजे कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने, बसला का, की कुऱ्हाड नव्हतीच, हे विचारायलाच हवं. तसंच आरोपीच्या अंगावरच्या जखमांचं. स्वसंरक्षणाचा बचाव असेल तर त्या पहिल्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंदवून घ्या. त्या जखमा कशा झाल्या हे सरकार पक्षाला सांगता आलं नाही तर त्याची कहाणी डळमळू शकते, हे लक्ष्मी सिंग प्रकरणात १९७६ सालीच सांगितलं गेलंय.

रात्री-अपरात्री नातेवाइकांचे फोन येतात तेव्हा मी तीन गोष्टी सांगतो. हत्याराला हात लावू नका. धुणं, हलवणं हा पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा होतो. कोऱ्या कागदावर सही करू नका. शेजारच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाण्याआधी ते जपून ठेवायची लेखी मागणी करा. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ने सक्तीचं झालंय, याचा मला मनापासून आनंद आहे. फक्त कोयता उकरतानाची अर्ध्या मिनिटाची क्लिप पुरत नाही. पूर्ण चित्रण मागा.

आता पुडक्यातल्या वर्तमानपत्राचं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खटल्यात कोयता जागेवरच सील केल्याचं पंचनाम्यात लिहिलं होतं. पुडकं उघडलं, आणि आतल्या पानावरची तारीख माझ्या नजरेला पडली. पंचनाम्यानंतर तीन दिवसांची. न्यायाधीशांच्या परवानगीने मी ती मोठ्याने वाचली. तपास अधिकारी गप्प राहिले. ती जप्ती न्यायालयाने विचारातच घेतली नाही.

माझा अशील मात्र सुटला नाही. जखमी माणूस साक्षीत जराही हलला नव्हता, आणि अशा साक्षीला वजन असतं. ती विश्वासार्ह असेल तर हत्यार न मिळताही शिक्षा होते. मला तो निकाल पटला. बाहेर व्हरांड्यात तो जखमी माणूस भेटला. हाताची दोन बोटं वाकत नव्हती. म्हणाला, "साहेब, माझी साक्ष डगमगली असती तर त्या कागदापायी माझी केस बुडाली असती ना?" मी हो म्हणालो. खऱ्या पंचनाम्याची गरज त्याला माझ्या अशिलाहूनही जास्त होती, हे मला तेव्हा कळलं.