'मलम', 'लावणे', 'सुकणे' : औषधाच्या वापरातील तीन शब्द

अंगावर पुळी उठली, गुडघा खरचटला किंवा बोट कापले की 'काहीतरी मलम लाव' हे वाक्य मराठी घरात सहज उच्चारले जाते. त्यातील 'काहीतरी' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम हे 'काहीतरी' नसते. ते विशिष्ट विकारावर, विशिष्ट जागी आणि विशिष्ट मुदतीपर्यंत वापरावयाचे असते. डॉक्टरांचा हेतू आणि रोग्याची कृती यांत जे अंतर पडते, ते पुष्कळदा केवळ निष्काळजीपणाचे नसून भाषेचेही असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. हे अंतर तीन साध्या शब्दांच्या आधारे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

पहिला शब्द 'मलम'. अरबीतील 'मरहम' हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि रकाराचा लकार होऊन व हकार गळून तो 'मलम' झाला. जखमेवर लावावयाचा कोणताही स्निग्ध पदार्थ असा त्याचा व्यापक अर्थ आजही कायम आहे. औषधांचे प्रकार मात्र दरम्यान निराळे झाले. पोव्हिडोन-आयोडीन हे पूतिरोधक होय. त्यातून आयोडीन हळूहळू मोकळे होते आणि नाना प्रकारच्या सूक्ष्मजंतूंचा नाश करते. म्युपिरोसिन हे प्रतिजैविक आहे. एका जातीच्या जिवाणूपासूनच ते मिळते आणि आयसोल्युसीन हे अमिनो आम्ल प्रथिनांत गुंफण्यासाठी जिवाणूंना जे विकर लागते, त्याचेच कार्य ते थांबवते. पू धरणाऱ्या, पिवळसर खपली येणाऱ्या त्वचेच्या संसर्गावर ते गुणकारी ठरते. परंतु नायट्यावर त्याचा उपयोग नाही, कारण नायटा कवकामुळे होतो. तिसरा प्रकार स्टेरॉइडयुक्त मलमांचा. त्यांनी लाली व खाज कमी होते. पण त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही मंदावते. नायट्यावर ते लावल्यास नायटा फिकट दिसतो आणि पसरत जातो.

या तिन्ही वस्तूंना आपण एकच नाव देतो. लेखकाच्या घरी एकदा असेच घडले. एकाच्या चिघळलेल्या जखमेसाठी आणलेली ट्यूब दुसऱ्याच्या नायट्यावर तीन आठवडे लावली गेली. विचारता उत्तर आले, 'मलमच तर आहे!' हे उत्तर भाषेच्या दृष्टीने बरोबर होते. औषधाच्या दृष्टीने तीन आठवडे वाया गेले होते. वेष्टनावरील उभी लाल रेषा नेमके हेच सांगते, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नाही. ही खूण लोकांस कळावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये खास मोहीमही काढली होती.

दुसरा शब्द 'लावणे'. या बाबतीत मराठी दरिद्री नाही. माखणे, चोळणे, थापणे, लिंपणे, फासणे या प्रत्येक क्रियापदात जाडी आणि जोर यांची निराळी छटा आहे. सुश्रुतसंहितेत तर लेपाचे प्रलेप, प्रदेह आणि आलेप असे तीन भेद जाडी व ओलावा यांवरून केलेले आढळतात. डॉक्टर मात्र 'लावा' एवढेच म्हणतात आणि रोगी आपल्या सवयीप्रमाणे ते मलम चोळतो किंवा थापतो. वास्तविक अपेक्षा अशी असते : प्रथम हात साबणाने धुवावेत, जखम स्वच्छ पाण्याने धुऊन भोवतालची त्वचा हलकेच टिपावी, पातळ थर पसरावा, सांगितले असल्यास वर स्वच्छ जाळीची पट्टी ठेवावी आणि पुन्हा हात धुवावेत. थर जाड केल्याने गुण दुप्पट येत नाही.

तिसरा शब्द 'सुकणे', आणि सर्वाधिक घोटाळा याच शब्दाने होतो. 'जखम सुकली' म्हणजे बरी झाली, असा आपला रूढ अर्थ आहे. त्यामुळे जखम उघडी ठेवून वाळवावी असे वाटते आणि ती वरून कोरडी दिसताच औषध थांबवले जाते. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले, की आच्छादनाखाली ओलसर राहिलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने येते. तेव्हा सुकणे आणि भरून येणे या एकच गोष्टी नव्हेत. मराठीतील 'जखम भरली' हाच प्रयोग वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. औषध केव्हा थांबवावयाचे हे जखमेच्या कोरडेपणावरून नव्हे, तर सांगितलेल्या मुदतीवरून ठरवावे. म्युपिरोसिन सामान्यतः दिवसातून तीनदा आणि अधिकांत अधिक दहा दिवस वापरतात. ही मर्यादाही सकारण आहे. ते जिवाणूंच्या एकाच विकरावर आघात करीत असल्याने त्या विकरात बदल झालेले जिवाणू तगतात, आणि दीर्घ वापराने अशांचीच वाढ होते.

मलमाच्या मर्यादाही याच ठिकाणी सांगावयास हव्यात. तीन ते पाच दिवसांत उतार न पडल्यास, लाली पसरू लागल्यास किंवा ताप आल्यास पुन्हा डॉक्टरांकडे जावे. थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनी व तान्ह्या मुलांच्या बाबतीत आयोडीनयुक्त मलम विचारल्यावाचून वापरू नये. कुत्रे चावल्यास मलमावर विसंबणे प्राणघातक ठरू शकते. तेथे जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि विनाविलंब लस घेणे हाच मार्ग होय. हळद, चुना किंवा तिखट भरणे हा नव्हे.

भाषेच्या अभ्यासकाचे काम केवळ शब्दांची व्युत्पत्ती सांगून संपत नाही. ट्यूबवरील मजकूर बहुधा इंग्रजीत असतो आणि घरातील वृद्ध माणसे ऐकलेल्या एका मराठी वाक्यावरच विसंबून असतात. ते वाक्य 'हे मलम लावा' असे असू नये. कोठे, किती, कितीदा आणि किती दिवस या चार प्रश्नांची उत्तरे त्यात असावीत : 'जखम धुऊन या जागी पातळ थर पसरा, दिवसातून तीनदा, सात दिवस, जखम सुकली तरी मध्येच थांबवू नका, दुसऱ्या कोणास देऊ नका.' या वाक्यात एकही अवघड शब्द नाही. ते उच्चारावयास दहा-पंधरा सेकंद लागतात. ते न उच्चारल्याने काय होते, हे वर आले आहेच.