ताण कामाचा, की हात बांधलेले असण्याचा?

वरच्या खुर्चीला जबाबदारी जास्त, म्हणून ताणही जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाहणीतून निराळेच चित्र पुढे आले. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सतरा हजारांहून अधिक पुरुष कर्मचारी होते. हृदयविकाराने होणारे मृत्यू बड्या अधिकाऱ्यांपेक्षा निरोपे आणि दरवानांमध्ये कितीतरी अधिक निघाले. धूम्रपान आणि रक्तदाब हिशेबात धरूनही हा फरक पुरता मिटेना. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत एक धागा हाती लागला: आपल्या कामात ज्यांना फारसे विचारले जात नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये हेच सूत्ररूपाने मांडले होते. कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाची मुभा नगण्य, ही जोडी सर्वांत वाईट. कॉल सेंटरमध्ये ती उघड दिसते. ग्राहक चिडलेला, उत्तर आधीच लिहून दिलेले, प्रत्येक कॉलची मिनिटे पडद्यावर मोजली जाणारी. लघवीला उठायचे तरी त्याची नोंद होते.

अशा वेळी शरीर संकटाच्या तयारीत राहते. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके थोड्या वेळापुरती उपयोगीच असतात. महिनोन्‌महिने ही स्थिती टिकली, की झोप उडते, रक्तदाब चढतो. कामाविषयी थकवा, तुटलेपण आणि ‘आपल्याच्याने होत नाही’ ही भावना एकत्र आली, की त्याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो आजार नाही, कामाशी निगडित अवस्था आहे.

म्हणजे कामाचे तास गौण ठरतात, असे मात्र नाही. आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असा याच संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे.

व्यायाम, पुरेशी झोप, मोकळेपणाने बोलणे यांचा फायदा होतोच. पण वर्षातून एकदा योगशिबिर भरवायचे आणि टार्गेट तेच ठेवायचे, ही मलमपट्टी झाली. ड्यूटीचा तक्ता आधी कळणे, आपसांत पाळी बदलता येणे, कोणते काम आधी हे स्वतः ठरवता येणे, टार्गेट ठरवताना विचारले जाणे: खरा फरक इथे पडतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींना खर्चही फारसा नाही. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, तर मात्र वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत मदत मिळते.