भिंतीवरचे पिंपळ आणि मे महिन्याचे सोबती

बालाघाटात बोन्सायसाठी झाड विकत घ्यावं लागत नाही. पावसाळा सरला की जुन्या कचेऱ्यांच्या छज्ज्यांवर, विहिरींच्या काठांवर, नळाच्या पाइपामागे पिंपळ, वड आणि उंबर दिसू लागतात; उंबराला इथे डूमर म्हणतात. पेरणी पक्ष्यांची. फटीत वर्षानुवर्षं अर्धपोटी राहिल्यानं खोड मनगटाएवढं आणि उंची हातभर, म्हणजे बोन्सायवाल्याचं निम्मं काम भिंतीनंच उरकलेलं. दिवाळीआधी चुना मारायला आलेले मजूर ती रोपं उपटून फेकतात. त्यांना विचारायचं आणि घरी न्यायची, एवढंच. तरीही नव्वदच्या दशकात मी या नादाला लागलो तेव्हा ज्याच्याशी या झाडांबद्दल बोलावं असं गावात कोणी ठाऊक नव्हतं.

माहिती यायची ती नागपूरकडून. 1956 पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूरच होती. राज्य बदललं, पण इथल्या मराठी घरांचं वर्तमानपत्र, पंचांग आणि सोयरिक बदलली नाही. मुंबईत निकुंज आणि ज्योती पारेख हे दांपत्य इंडो-जपानी असोसिएशनच्या अभ्यास गटातून लोकांना बोन्साय शिकवत होतं. दिल्लीच्या लोदी गार्डनमध्ये बोन्सायचं वेगळं उद्यान आहे. हे सगळं आम्हाला छापील रूपात कळायचं, दोन-तीन महिन्यांच्या उशिरानं. पुस्तकं इंग्रजी आणि त्यातली चित्रं बहुतेक ज्युनिपर आणि पाइनची. ज्युनिपरला थंडी लागते. बालाघाटचा मे महिना त्याला मानवत नाही, आणि हे त्या पुस्तकांत कुठेच लिहिलेलं नसे. कुंडी पालटण्याची वेळ म्हणून मार्च दिलेला असे. तो जपानचा मार्च.

खरी अडचण पाण्याची निघाली. बोन्सायचा ट्रे दोन-तीन बोटं खोल. पारा बेचाळीसच्या वर गेला की सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, संध्याकाळी पुन्हा घालावं लागतं. आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच. नागपूरला चार दिवस लग्नाला जायचं तर झाडं कोणाच्या भरवशावर ठेवायची? शेजाऱ्याला सांगितलं तर तो मोठ्या मायेनं तुळशीला तांब्याभर आणि वडाला चूळभर पाणी घालतो. त्यात त्याची काही चूक नाही. एवढंसं झाड, त्याला किती पाणी लागणार असंच कोणालाही वाटेल. एवढ्याशा झाडाला एवढं पाणी का लागतं, हे मुळातून समजलेला माणूस हवा होता. आमच्या गावातली बोन्सायची मैत्री कलेच्या ओढीनं जमली असं सांगायला मला आवडलं असतं, पण ती जमली उन्हाळ्यात पाणी घालण्यावरून.

एक निवृत्त वनपाल काका नर्सरीत भेटले. ते शेणखत घ्यायला आले होते आणि मी पालापाचोळ्याचं खत शोधत होतो. दोघांच्या पिशवीत विटांचा चुरा होता, त्यावरून ओळख पटली. ट्रेमध्ये नुसती काळी माती भरली तर पावसाळ्यात मुळं कुजतात, म्हणून भट्टीवरच्या फुटक्या विटा कुटायच्या, चाळून धूळ काढून टाकायची आणि वाटाण्याएवढे खडे तेवढे ठेवायचे. मुरूम मिसळायचा आणि वर मूठभर निंबोळी पेंड. काकांचा एक नियम मात्र कडक होता. ‘‘भाऊ, जंगलातली काडी आणायची नाही. भिंतीवरचं पाहिजे तेवढं आणा.’’ आयुष्य ज्यांनी जंगल राखण्यात घालवलं, त्यांच्याशी या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि ते बरोबरच होते.

दुसरी वाट हळदीकुंकवाची. ओळखीच्या एका शिक्षिका ताईंनी संक्रांतीला वाण म्हणून जेडच्या फांद्या वाटल्या, कागदी कपात खोचून. प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा हे किती शहाणपणाचं! जेडची काडी मातीत टोचली की मूळ धरते आणि पाण्याचा खाडा झाला तरी निभावून नेते. दोन महिन्यांनी बायका विचारायला येऊ लागल्या, शेंडा कुठून खुडायचा म्हणून. त्यातल्या निम्म्या पुढे जेडवर थांबल्या नाहीत. पिंपळ घरात नको म्हणणाऱ्या सासवा बऱ्याच होत्या. त्यावर तोड निघाली गच्चीची. गच्ची म्हणजे घर नव्हे, हा निवाडा कोणी दिला ते आठवत नाही, पण तो सर्वांनी मानला.

‘झाडाचे हाल करता’ हा आक्षेपही नेहमीचा. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात 1625 सालापासून कुंडीत वाढवलेला एक पाइन आहे. 6 ऑगस्ट 1945 रोजी तो हिरोशिमात, यामाकी कुटुंबाच्या आवारात भिंतीआड होता. तो वाचला, आणि 1976 मध्ये त्या कुटुंबानं तो अमेरिकेला भेट दिला. हाल सोसणारं झाड एवढं जगत नाही. उपाशी ठेवून झाड बुटकं करतात हा गैरसमज आहे. शेंडे खुडणं आणि कुंडी पालटताना मुळं छाटणं यांनी आकार राहतो, खत तर वेळच्या वेळी द्यावंच लागतं.

हळूहळू आमचं वेळापत्रक तयार झालं, आणि या सगळ्या वर्षांतली मोलाची कमाई मी त्यालाच म्हणेन. वड-पिंपळाची कुंडी मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, जमलं तर आर्द्रात पालटायची आणि पंधरवडाभर सावलीत ठेवायची. बोगनवेल फुलं सरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस. बोरीची छाटणी भर उन्हाळ्यात, ती पानं गाळून बसते तेव्हा. तार लावली असेल तर श्रावणात दर आठवड्याला पाहायची, कारण खोड त्या दिवसांत झपाट्यानं फुगतं आणि तार रुतते. हे एकट्याच्या गच्चीवर कळायला जन्म गेला असता. पाच-सहा गच्च्या एकत्र आल्या म्हणून लवकर कळलं. तोवर गोंदियाची गाडीही ब्रॉडगेज झाली होती, त्यामुळे तिकडचेही दोघे-तिघे येऊ लागले. येताना ते रोपं आणत आणि जाताना वैनगंगेच्या पात्रातले गोटे नेत, दगडावर मुळं पसरवलेला वड करायला.

1923 च्या भूकंपानंतर टोकियोचे बोन्सायवाले चांगली माती-पाणी शोधत ओमियाला गेले आणि 1925 मध्ये तिथे वसाहत उभी राहिली. राहायला येणाऱ्यानं किमान 10 झाडं ठेवावीत, कुंपण झाडांचंच असावं, मजला चढवू नये आणि बाग सर्वांना खुली ठेवावी, असे तिथले नियम होते. आमचा नियम एकच: मे महिन्यात ज्याची पाळी, त्यानं लग्न चुकवायचं. तो सगळ्यांनी पाळला असं नाही.

फेब्रुवारी 2018 मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकारानं ‘बोन्साय नमस्ते’ हे मोठं प्रदर्शन भरलं. देशोदेशीचे कलाकार आले होते. इकडे जबलपूरच्या एका गच्चीवर, वीज मंडळातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी अडीच हजारांच्या आसपास बोन्साय वाढवल्याची बातमीही मध्यंतरी आली. पुणं पाहून आमच्यातले काही जण खट्टू झाले. आपली झाडं त्यापुढे गबाळी दिसतात म्हणून. मला तसं वाटलं नाही. आमचा भिंतीवरचा डूमर देखणा नसेल, पण खोडावर फळं धरतो, आणि ती कुंडीतसुद्धा पूर्ण आकाराची असतात. पान लहान करता येतं, फळ नाही.

सध्या वाद चालू आहे तो सालाचा. बैहरच्या बाजूला सालाची जंगलं, मग बालाघाटचा बोन्साय सालाचाच हवा, असा काकांचा हट्ट. सालाचं बी जूनमध्ये पडतं आणि आठ-दहा दिवसांत त्याची उगवण्याची ताकद जाते. शिवाय रोप पहिली काही वर्षं वरून मरतं आणि मुळातून पुन्हा फुटतं. ताईंचं म्हणणं, वरून मरणारं झाड बोन्सायला उत्तमच, आपोआप बुंधा जाडावतो. गोंदियावाले म्हणतात, एवढं रुंद पान ट्रेमध्ये शोभणारच नाही. काकांनी स्वतःच्या आवारातल्या सालाचं बी पेरलं आहे. रोप आहे, जोमदार आहे. पान अजून तळहाताहून मोठंच येतं.